कोठारावरची गोधडी आणि अंगावरची वाकळ

अमेरिकेच्या खेड्यांत गेल्या पंचवीस वर्षांत एक चळवळ उभी राहिली आहे, असे तिकडची पुस्तके सांगतात. चळवळ हा शब्द त्यांचा. आपण तो एवढ्या स्वस्तात वापरत नाही. शेतावरच्या उंच लाकडी कोठाराच्या दर्शनी भिंतीवर आठ फूट लांब, आठ फूट रुंद अशी फळी ठोकायची आणि तिच्यावर गोधडीतला एक चौकोन ठळक रंगांत रंगवायचा, एवढेच या चळवळीचे दृश्य रूप आहे. एखाद्या भागात अशी वीस-तीस कोठारे झाली की त्यांचा नकाशा छापतात आणि शहरातली माणसे तो घेऊन मोटारीतून त्या वाटेने हिंडतात. चित्र तसे निरुपद्रवी आहे. लाल, पिवळे, निळे त्रिकोण आणि मध्ये एखादा तारा. त्यावर आपल्या पानांत लिहायचे काय कारण, असे कुणी विचारील. कारण असे की गोधडी हा आपला विषय आहे, आणि गरिबाच्या हातची वस्तू भिंतीवर चढली की तिचे काय होते हा तर आपल्या साहित्याचाच प्रश्न आहे.

आरंभ चांगल्या हेतूने झाला, हे आधी नोंदवतो. डॉना सू ग्रोव्ह्ज ही बाई ओहायो राज्याच्या कला परिषदेचे काम करीत असे. १९८९ मध्ये तिने आणि तिची आई मॅक्सीन हिने ओहायोच्या दक्षिण टोकाला अ‍ॅडम्स काउंटीत एक शेत घेतले. शेतावर तंबाखू वाळवण्याचे जुने, कळकट कोठार होते. आई वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगराळ मुलखातली, गोधड्या शिवणारी. या ओंगळ कोठारावर तुझ्यासाठी गोधडीचा चौकोन रंगवीन, असे लेकीने आईला कबूल केले. ते कबूल केलेले बरीच वर्षे तसेच राहिले. शेवटी २००१ मध्ये शेजारपाजारच्या माणसांना घेऊन वीस चौकोनांची वाट आखली गेली. ‘ओहायो स्टार’ नावाचा पहिला तारा त्याच वर्षी ऑक्टोबरात एका वनौषधींच्या शेतावर लागला. आईच्या कोठाराचा क्रम नंतर आला. नदीपलीकडच्या केंटकीने कल्पना उचलली, मग टेनेसीने, आयोवाने. आता चाळीसहून अधिक राज्यांत आणि कॅनडातही असे चौकोन दिसतात.

यात एक गोष्ट खरोखर घडली. कोठार हे पुरुषाचे. त्यात त्याचे बैल, त्याचा ट्रॅक्टर, त्याचे पीक. गोधडी बाईची, ती घरात, पेटीत, पलंगावर. शंभर-दीडशे वर्षे जे काम घराच्या आत दडलेले होते ते पुरुषाच्या इमारतीच्या कपाळावर लागले. रस्त्यावरून जाणाऱ्याला बाईच्या हाताची नक्षी दिसू लागली. कष्टकरी गोऱ्या शेतकरी घरांतल्या बायकांना यातून मान मिळाला असेल तर त्याचा हेवा करण्याचे आपल्याला कारण नाही. अ‍ॅपालेशियाचा तो डोंगराळ पट्टा अमेरिकेतला गरिबांचा मुलूख आहे. तिथल्या माणसांची थट्टा शहरांनी पिढ्यान्पिढ्या केली आहे.

पण समीक्षकाला इथे थांबता येत नाही. भिंत कुणाची, हे त्याला विचारावेच लागते.

ती भिंत पूर्वीही कोरी नव्हती. ओहायो, वेस्ट व्हर्जिनिया, केंटकी या भागांतल्या हजारो कोठारांवर ‘मेल पाऊच’ या चघळण्याच्या तंबाखूची जाहिरात रंगवलेली असे. शेतकऱ्याला थोडे पैसे आणि उरलेल्या भिंतींना फुकट रंग मिळे, कंपनीला रस्त्याकडेची मोठी पाटी मिळे. हार्ली वॉरिक नावाच्या एकाच रंगाऱ्याने आयुष्यात वीस हजारांच्या आसपास कोठारे रंगवली असे सांगतात. तो २००० साली वारला. दुसऱ्याच वर्षी पहिला गोधडीचा चौकोन लागला. हा निव्वळ योगायोग आहे, पण बोलका आहे. आणि २००४ मध्ये तंबाखूच्या लागवडीला १९३० च्या दशकापासून असलेले सरकारी संरक्षण कायद्याने संपले. लहान शेतकऱ्याने तंबाखू सोडला. कोठारात टांगायला पानेच उरली नाहीत. म्हणजे कोठार भरलेले होते तेव्हा त्याच्यावर मालाची जाहिरात होती. कोठार रिकामे होऊ लागले तेव्हा त्याच्यावर गोधडी आली. आता ती खेड्याचीच जाहिरात करते. पोट चालवणारी वस्तू गेली की संस्कृती येते, आणि तिच्या मागोमाग पर्यटक.

तरीही ज्याच्याकडे रिकामे का होईना कोठार आहे तो जमिनीचा मालक आहे. जमीन ज्यांना मिळालीच नाही त्यांचे काय? १८६५ मध्ये जनरल शर्मनने दक्षिणेच्या किनाऱ्यावरची जमीन मुक्त झालेल्या गुलामांना चाळीस-चाळीस एकरांनी वाटण्याचा हुकूम काढला. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनने ती जमीन जुन्या मालकांना परत केली. तरीही काळ्या माणसाने वाट्याने शेती करून, पैसा पैसा जोडून जमीन घेतली. १९२० च्या शेतीगणनेत काळे शेतकरी सव्वानऊ लाखांच्या आसपास होते, त्यांत वाट्याने कसणारेच जास्त. गेल्या काही गणनांत ते पन्नास हजारांच्याही आत आले आहेत. कर्ज नाकारले गेले, वारसाहक्काच्या कज्ज्यांत जमिनी लिलावात गेल्या, दहशतीने माणसे उत्तरेकडे पळाली. गोधडी तर यांच्याही बायका शिवत होत्या, आणि तीही आधी मालकाच्या पलंगासाठी. पण कोठारांच्या या वाटेवर त्यांचा चौकोन क्वचित सापडतो. त्यांच्याकडे सुई होती, भिंत नव्हती. गावात कुठल्या भिंतीवर काय लिहायचे हे भिंतीचा मालक ठरवतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

मग काळ्या माणसाला या चित्रांत आणतात कसे? एका दंतकथेच्या दाराने. अ‍ॅडम्स काउंटी ओहायो नदीच्या काठावर आहे. नदीच्या दक्षिणेला केंटकी, गुलामीचे राज्य. उत्तरेला ओहायो, स्वतंत्र भूमी. पळून आलेले गुलाम याच पाण्यातून पोहत, होडीतून, हिवाळ्यात गोठलेल्या बर्फावरून आले. १९९९ मध्ये एक पुस्तक निघाले. गोधड्यांच्या नमुन्यांत पळणाऱ्यांसाठी गुप्त खुणा होत्या, असा त्याचा दावा. ‘मंकी रेंच’ म्हणजे हत्यारे गोळा करा, ‘बेअर्स पॉ’ म्हणजे अस्वलाच्या पावलांच्या वाटेने जा, ‘ड्रंकर्ड्स पाथ’ म्हणजे नागमोडी चाला. एका गोधडी विकणाऱ्या बाईने सांगितलेल्या घरगुती कथेवर हे सारे उभे आहे. १९३० च्या दशकात सरकारी योजनेखाली दोन हजारांहून अधिक माजी गुलामांच्या मुलाखती टिपल्या गेल्या. त्यांत या खुणांचा मागमूस नाही. पळून गेलेल्यांच्या आत्मचरित्रांत नाही. काही नमुन्यांची तर नावेच गुलामी संपल्यानंतरची आहेत. न्यूयॉर्कमध्ये फ्रेडरिक डग्लसच्या स्मारकात ही कथा दगडात कोरण्याचे घाटले तेव्हा २००७ मध्ये इतिहासकारांना हरकत घ्यावी लागली. तरी कथा मरत नाही. शाळेत शिकवतात, आणि कोठारांच्या नकाशांतूनही ती कुठे कुठे सांगितली जाते.

ती मरत नाही कारण ती सगळ्यांना सोयीची आहे. तिच्यात चाबूक नाही, शिकारी कुत्री नाहीत, परत पकडून नेणारा कायदा नाही. तिच्यात पलायन हे कोडे सोडवण्यासारखे गोड होते, आणि ओसरीवर गोधडी टांगणारा दयाळू यजमान कथेचा नायक होतो. आपणही सावध असले पाहिजे. ज्या दंतकथेत पीडिताला मोठेपणा दिल्यासारखा दिसतो पण पीडा देणारा गायब असतो, ती आपली नव्हे. अ‍ॅडम्स काउंटीच्या शेजारच्याच काउंटीत रिप्ली नावाचे गाव आहे. तिथे जॉन पार्कर राहत होता. जन्माने गुलाम; कमाई करून १८४५ मध्ये त्याने स्वतःचे स्वातंत्र्य विकत घेतले, लोखंडाची ओतशाळा काढली, यंत्रांची पेटंटे मिळवली. आणि रात्री हाच माणूस होडी घेऊन केंटकीच्या काठावर जाई व माणसे सोडवून आणी. त्याच्या डोक्यावर इनाम लागले होते. हे सारे नोंदलेले आहे. त्याला गुप्त नक्षीची गरज पडली नाही.

याच नदीवर, पश्चिमेला सिनसिनाटीत, टोनी मॉरिसनच्या ‘बिलव्हेड’ (१९८७) या कादंबरीचे घर आहे. १८५६ च्या जानेवारीत गोठलेली नदी ओलांडून आलेली आणि पकडले जाण्याच्या क्षणी स्वतःच्या लेकीला मारणारी मार्गारेट गार्नर ही त्या कादंबरीमागची खरी स्त्री. कादंबरीत एक गोधडी आहे. सगळी काळपट, करडी, तपकिरी, निळसर चिंध्यांची; आणि तिच्यात नारिंगी रंगाचे दोनच तुकडे. म्हातारी बेबी सग्ज आयुष्यभराच्या गुलामीनंतर अंथरुणाला खिळते आणि शेवटी फक्त रंगांचा विचार करते. जिला आयुष्यात रंगाकडे बघायला उसंत मिळाली नाही तिला ते दोन तुकडे पुरतात. कोठारावरचा चौकोन सगळाच रंगीत असतो. सगळे रंग दुकानातल्या डब्यातून येतात, हवे तेवढे. त्यामुळे त्यातला एकही रंग मिळवावा लागलेला नसतो. मॉरिसनने दोन तुकड्यांत जे केले ते चौसष्ट चौरस फुटांत होत नाही, त्याचे कारण कसबाचा अभाव हे नाही. कारण साधनात आहे.

ते साधन पाहा. जाड प्लायवूडच्या दोन फळ्या जोडतात. प्रायमर देतात. पेन्सिलीने रेघा आखून चिकटपट्टी लावतात आणि बाहेरच्या भिंतीचा टिकाऊ रंग दोन-तीन हात मारतात. पट्टी काढली की कड धारदार निघते. मग उंच शिडीच्या गाडीने फळी वर चढवतात आणि बोल्ट कसतात. काम सामूहिक आहे, शाळेची मुलेही त्यात असतात, हे चांगले. पण ज्याचे चित्र काढले त्यातले काय आले? गोधडीचा एक चौकोन म्हणजे गोधडी नव्हे. तोच चौकोन वीस वेळा, तीस वेळा जोडला की सांध्यांतून दुसरीच नक्षी उमटते. तीच गोधडीची खरी नक्षी असते. ‘लॉग केबिन’ नावाचा प्रसिद्ध नमुना आहे. त्याचे अनेक चौकोन विशिष्ट रीतीने मांडले की जी मोठी आकृती तयार होते तिचे नावच ‘बार्न रेझिंग’ आहे, म्हणजे गावाने मिळून कोठार उभारणे. ती आकृती एका चौकोनात येऊच शकत नाही. म्हणजे कोठारावर सगळे येते, कोठार उभारणारे गाव तेवढे येत नाही.

आणि कापड येत नाही. हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

अलाबामात नदीच्या वळणात अडकलेली जीज् बेंड नावाची काळ्या माणसांची वस्ती आहे. मार्क पेटवे या मळेवाल्याचे आडनाव तिथल्या माणसांना गुलामीत चिकटले ते आजही आहे. १९३२ मध्ये उधारी देणारा व्यापारी मेला आणि त्याच्या घरच्यांनी वसुलीसाठी वस्तीतली अवजारे, जनावरे, साठवलेले धान्य, सारे ओढून नेले. लाकडी खोल्यांच्या फटींतून थंडी शिरे म्हणून आतून वर्तमानपत्रांचे कागद चिकटवलेले असत. १९३७ ची छायाचित्रे आहेत. अशा घरांत गोधडी हा हौसेचा विषय नव्हता. मळ्यात झिजलेले सदरे, विजारी, पिठाच्या गोणपाटाचे कापड, जे होते त्याची गोधडी. १९४२ मध्ये मिसूरी पेटवे या बाईचा नवरा वारला. तिने त्याचे कामाचे कपडे घेतले, उसवले आणि त्यांची एक गोधडी केली. त्याची आठवण राहावी आणि ती पांघरता यावी म्हणून. तिच्या लेकीने ही हकीकत पुढे सांगितली. ती गोधडी मी छायाचित्रातच पाहिली आहे. निळ्या-करड्या विटक्या पट्ट्या, एकही रेघ सरळ नाही. मातीचे डाग आणि विटलेले रंग कापडात मुरलेले आहेत. अशा कामाच्या कपड्यांच्या गोधड्यांत विजारीचा खिसा उसवला की त्याखाली न विटलेले गडद निळे कापड दिसते, खिशाची सावली राहून गेल्यासारखे. गुडघे कुठे टेकत होते ते कळते. हे चिकटपट्टीने आखता येत नाही.

आता आपल्याकडे येतो, कारण इथे आपली अडचण सुरू होते. मेलेल्या माणसाचे कपडे अंगावर घेणे आपल्या लोकांनी निवडलेले नव्हते. मनूने दहाव्या अध्यायात चांडाळांसाठी ते लिहून ठेवले आहे: वस्त्रे प्रेतांवरची, भांडी फुटकी, दागिने लोखंडाचे. ते पुस्तक महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी जाळले गेले, आणि त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी आपल्या बायांना सांगितले की स्वच्छ राहा, लुगडी नीट नेसा, अस्पृश्यतेची खूण सांगणारी ती गळ्या-हातातली ओझी टाकून द्या. आपल्या चळवळीचा आरंभच चिंध्या टाकण्यापासून आहे. म्हणून गोधडीचे गोडवे गाणाऱ्यांविषयी माझ्या मनात संशय असतो. माझ्या आईने शिवलेल्या वाकळेत वरच्या आळीतून कामाच्या बदल्यात मिळालेले लुगडे होते, बापाच्या धोतराचे पान होते, आतून पोत्याचे तुकडे होते. ती जड होती, पावसाळ्यात वाळत नसे, तिच्यात ढेकूण होत. ऊबही होती. हे दोन्ही एकाच वाक्यात म्हणता आले नाही तर गोधडीवर लिहू नये. मराठी मध्यमवर्गीय लेखणीला गोधडीत फक्त आजीचा हात आणि मायेची ऊब दिसते. ढेकूण आणि वरच्या आळीचे लुगडे दिसत नाही. कोठारावरची रंगीत फळी त्याच जातीची आहे. थंडी वगळून काढलेले ते उबेचे चित्र आहे.

मिसूरी पेटवेने मात्र मनूने लादलेले आणि माणसाने राखलेले यांतला फरक दाखवून दिला. कापड तेच, मेलेल्या माणसाचे. फेकून दिलेले अंगावर घ्यायला लावणे ही गुलामी. आपल्या माणसाच्या घामाचे कापड मातीत जाऊ न देणे हा नकार. दलित सौंदर्यविचाराला हे उदाहरण हाताशी असावे. आपल्याकडे वेदनेची चर्चा पुष्कळ झाली, पण वेदनेची वस्तू हातात घेऊन तिचे टाके मोजण्याचे काम कमी झाले.

काळ्या साहित्यात हे काम झाले आहे. अ‍ॅलिस वॉकरची ‘एव्हरीडे यूज’ ही कथा १९७३ ची. जॉर्जियातल्या वाट्याने शेती करणाऱ्या घरात ती स्वतः जन्मली. कथेत आई आहे, शहरात शिकून आलेली, आफ्रिकी नाव घेतलेली मोठी लेक डी आहे, आणि घर जळताना भाजलेली, बुजरी धाकटी मॅगी आहे. आजीच्या गोधड्या डीला हव्या आहेत, भिंतीवर टांगायला. मॅगी त्या रोज वापरून फाडून टाकील असे ती म्हणते. आई गोधड्या हिसकावून मॅगीच्या मांडीवर ठेवते. कथा मोठी आहे. वारसा म्हणून मिरवणाऱ्या नव्या शिक्षितांना ती चपराक देते, आणि ती आपल्यालाही बसते. घरात वाकळ ठेवायची लाज वाटणारे आणि दिवाणखान्यात कलात्मक गोधडी टांगणारे आपल्यातही आता आहेत.

तरीही वॉकरशी मी पूर्ण सहमत नाही. ती मॅगीच्या बाजूने उभी राहते, पण मॅगी त्या खोपटातच राहणार आहे हे ती सहज स्वीकारते. वापरणे हेच खरे, टांगणे खोटे, असा निवाडा दिला की जुनी गोधडी पांघरण्याची सक्ती कायमची गरिबावर येते. डीने गाव सोडले. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्याला डबक्याची उपमा दिली, आणि आपल्या पिढ्यांनी डीचाच रस्ता धरला. गाव सोडणे हा डीचा अपराध नव्हे. गाव सोडताना जी वस्तू तिला लाजिरवाणी वाटत होती तीच आता बाजारात चालते म्हणून ती मागायला आली, हा अपराध आहे. कथेचा रोख या दुसऱ्या गोष्टीवर असायला हवा होता. कोठारांच्या वाटेवर हिंडणाऱ्या मोटारींतही अशा अनेक डी बसलेल्या असतील.

बाजाराचे म्हणाल तर त्याची कथा जुनी आहे. हॅरिएट पॉवर्स ही जॉर्जियातली १८३७ ची, जन्माने गुलाम. तिने बायबलमधल्या कथांचे चौकोन करून एक गोधडी शिवली. १८८६ मध्ये ती अथेन्स शहरातल्या कापूस प्रदर्शनात एका गोऱ्या चित्रकार बाईने पाहिली, मागितली. हॅरिएटने विकली नाही. १८९१ मध्ये घरी तंगी आली. तिने दहा डॉलर मागितले, पाच मिळाले. ती गोधडी आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. विकल्यानंतर हॅरिएट तिला बघायला त्या बाईच्या घरी जात असे.

जीज् बेंडच्या बायकांनी बाजाराशी दोन हात केले ते वेगळ्या रीतीने. १९६५ च्या फेब्रुवारीत मार्टिन ल्यूथर किंग त्या वस्तीत येऊन गेला. मतदार नोंदणीला गेलेल्या कुळांना मालकांनी जमिनीवरून हुसकले. १९६६ मध्ये तिथल्या आणि आसपासच्या बायकांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ नावाची सहकारी संस्था काढली. पुढे संस्थेने जमीन घेतली आणि हुसकलेल्या कुटुंबांना तिच्यातले तुकडे घरांसाठी दिले. गोधडीतून जमीन आली, हे लक्षात घ्या. १९७२ मध्ये, म्हणजे आपल्याकडे मुंबईत दलित पँथर ज्या वर्षी निघाली त्याच वर्षी, सीअर्स या मोठ्या दुकानदाराने त्यांना कॉर्डरॉय कापडाचे उशांचे अभ्रे शिवायला दिले. काम कारखान्याचे, एकसारखे, बेचव. पण उरलेले तुकडे बायकांनी घरी नेले आणि त्या दशकातल्या त्यांच्या गोधड्यांत गंजाचा, हिरवा, सोनेरी कॉर्डरॉय झळकतो. मालकाच्या मापाने दिवस शिवायचा आणि रात्री त्याच कापडाला आपल्या मापाने कापायचे. पँथरचे नाव आपण त्या देशातून घेतले. ही गोष्ट मात्र आपल्याकडे फारशी कुणी आणली नाही. आणायची तर दूरही जायला नको होते. कर्नाटकात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या रानांत सिद्दी राहतात. त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज आफ्रिकेतून गोव्याच्या पोर्तुगिजांनी गुलाम म्हणून आणलेले, आणि त्यांच्या बोलीत कोकणी-मराठी मिसळलेली. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांची ‘कवंदी’ शिवतात, कडेपासून मध्याकडे जात, आणि चार कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची फुले लावतात. आफ्रिकेची स्मृती वगैरे विद्वानांनी ठरवावे. मला एवढेच दिसते की त्या फुलांचा पांघरणाला काही उपयोग नसतो, तरी ती लावल्याशिवाय कवंदी पुरी होत नाही.

२००२ मध्ये जीज् बेंडच्या गोधड्या ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या संग्रहालयात टांगल्या गेल्या. टीकाकारांनी त्यांची तुलना आधुनिक चित्रकारांशी केली. तुलनेने मान वाढला, हे खरे. पण मोजपट्टी नेहमीप्रमाणे दुसऱ्याचीच होती. २००७ मध्ये काही गोधडीकार बायकांनी आपल्या कामावरच्या हक्कासाठी संग्राहकांविरुद्ध दावे लावले. ते पुढच्या वर्षी मिटले. याच सुमारास त्या वस्तीच्या रस्त्यालगत रंगवलेल्या फळ्या उभ्या राहिल्या. म्हणजे कोठारावरचा चौकोन शेवटी इथेही आला. फरक आहे, आणि तो मला मान्य करावासा वाटतो. या फळ्यांवर नमुन्यांच्या वहीतला तारा नाही. एकेका बाईने शिवलेली एकेक गोधडी आहे, तिच्या वाकड्या रेघांसकट. रंगाऱ्याने रेघ सरळ केलेली नाही. रंगात घाम येत नाही हे इथेही खरे, पण निदान नक्षीला धनीण आहे.

ज्या गोधड्या या फळ्यांवर आल्या त्या त्याआधी, २००६ च्या ऑगस्टमध्ये, अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर छापल्या गेल्या होत्या. जीज् बेंडच्या समोर, नदीपलीकडे कॅम्डेन हे तालुक्याचे गाव आहे. काळी माणसे मतदानाच्या नोंदणीला तिकडे जाऊ लागली तेव्हा १९६२ मध्ये गोऱ्या अधिकाऱ्यांनी नदीवरची तर बंद केली. रस्त्याने ते अंतर चाळीस मैलांच्या वर पडते. तर पुन्हा सुरू झाली ती २००६ च्या सप्टेंबरात, तिकिटे निघाल्यानंतर महिन्याभराने.